कुवेतहून ऑइलचा सल्ला

इंजिन ऑइल जाड की पातळ, यावरून आमच्यात भांडण झालंय, ऐका. थोरला भाई कुवेतला ड्रायव्हर. मुरुडला टर्बोची गाडी त्यानंच घेऊन दिली, पण स्वतः अजून तिच्यात बसलेला नाही. मे महिन्यात त्याचा फोन आला, "उन्हाळा हाय, जाड ऑइल घाल. इथं आम्ही तेच घालतो."

किनाऱ्यालगतच्या गॅरेजमधला मेकॅनिक म्हणाला, "गाडीच्या पुस्तकात पातळ सांगितलंय. जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लावतं."

मी पातळच घातलं. भाई भडकला. "फोन इंजिनाजवळ धर, आवाज ऐकू दे!"

गॅरेजबाहेरच गाडी चालू करून धरला. मग कानाला लावून विचारलं.

"भाई, आवाज बरोबर हाय ना?"

"इंजिन बंद कर रे. मागं दर्याची गाज येतेय, तेवढी ऐकू दे."