अठराच्या पुढे पुन्हा अठराच

…नाही, पण मला एक सांगा, अठराच्या पुढे पुन्हा अठराच का? सात का नाही? चार का नाही? कोरं सोडलं असतं तर काय पोलीस येणार होते?

थांबा, नीट सांगतो, माझं हे असं होतं, मधूनच सुरू करतो. आमच्या गावच्या मतपत्रिकेवर डावीकडे पक्षांचे क्रमांक असतात, तिथे आपल्या पक्षापुढे फुली मारायची. काम संपलं. उजवीकडे त्याच पक्षाच्या उमेदवारांचे क्रमांक असतात. एखादा खास आवडत असेल तर तिथे दुसरी फुली, नाहीतर कोरं सोडायचं, म्हणजे यादीतला पहिला माणूस निवडून येतो. आमच्या पक्षाला सोडतीत क्रमांक मिळाला अठरा. आमच्या यादीत पहिली कोण? डॉक्टर बिस्त्रा, इस्पितळातल्या बाळंतपणाच्या विभागाची. आणि अठरावा कोण? मी! प्राध्यापक वेलिझार चाकारोव्ह, वय शहात्तर, दारावरची घंटा वाजली तरी छातीत धडधडतं. यादी भरायची होती म्हणून सही दिली हो, नाहीतर मला कोण उभं करतंय?

आणि यादी कशासाठी? नगरपालिका तो विभागच बंद करणार होती. उद्या एखाद्या पोरीला कळा सुरू झाल्या तर घाट उतरून साठ किलोमीटर! नव्या सभागृहात दहा विभागाच्या बाजूने, दहा विरुद्ध येणार हे दिसतच होतं, आमची एक जागा आली तर विभाग वाचणार. एवढंच गणित.

प्रचार माझ्याकडे. का? तर टीव्ही-रेडिओमुळे मतदाराला काय कळतं आणि तो घराबाहेर पडतो की नाही, चाळीस वर्षं हाच विषय शिकवलाय मी!

बिस्त्रा म्हणाली, "प्राध्यापक, रेडिओवर लोकांना सगळं समजावून सांगू या. किती खाटा, किती बाळंतपणं, किती खर्च." मी हसलो. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पण हसलो! म्हटलं, "अगं, लोकांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट शिरते. आपण फक्त आकडा सांगायचा." झालं! दिवसातून वीस वेळा, अकॉर्डियनच्या तालावर: "अठरा, अठरा, डोळे मिटून अठरा!" न्हाव्याकडे अठरा, बेकरीत अठरा. शेजारचा ग्रोझ्दान पिंपात कोबी दाबताना तेच गुणगुणायचा, एक कोबी, एक अठरा. मी खिडकीतून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, वेलिझार, शेवटी उपयोग झाला रे तुझ्या विद्येचा!

आणि लोक आले की! काय ती रांग! इतकी वर्षं मतदानाला न फिरकलेली माणसं कोट घालून आली. आली, डावीकडे अठरावर फुली मारली, उजवीकडे बघतात तर तिथेही अठरा! रेडिओ तर अठराच म्हणत होता… मारली तिथेही. इकडे अठरा, तिकडे अठरा, मनाला शांती. जागा आमची आली. त्या जागेवर निवडून आलो मी!

चाळीस वर्षं हाच विषय शिकवलाय मी…

सकाळी ग्रोझ्दान राकिया दारूची बाटली घेऊन दारात. "अभिनंदन, प्रोफेसर!" म्हटलं, "ग्रोझ्दान, खरं सांग, तुला मला मत द्यायचं होतं?" त्याने बाटली या हातातून त्या हातात घेतली. मग छाती फुगवून म्हणतो, "म्हणजे काय! तुमच्याशिवाय आहे कोण? शिकलेला माणूस! पूर्ण विचार करून मारली फुली!" बेकरीवाली तेच, न्हावी तेच! चूक झाली म्हणायला एक माणूस तयार नाही! संध्याकाळी आमच्या गावच्या टीव्हीवर माझा तीस वर्षांपूर्वीचा फोटो, खाली अक्षरं: 'यादीच्या तळातून जनतेने उचललेला माणूस'. आणि आतली गोष्ट सांगू? मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा मला वाटायला लागलं… काय सांगावं, असेलही! माझी बायको झ्लात्का म्हणाली, "अरे विद्वान माणसा, हा तुझाच अकॉर्डियन वाजतोय!" मी म्हटलं, "तू गप्प बस, जनतेला काहीतरी दिसलं असेल." दीड दिवस, तुम्हाला सांगतो, दीड दिवस मी आरशासमोर भाषणाचा सराव केला!

मग बिस्त्रा आली. रात्रपाळी करून, तशीच. मला वाटलं भांडेल, मी आधीच दोन गोळ्या घेऊन बसलो होतो. पण ती शांतपणे म्हणाली, "प्राध्यापक, पहिल्याच सभेत विरोधक तुम्हाला विचारतील, विभागात खाटा किती?"

"वीस?"

"अकरा. गेल्या वर्षी बाळंतपणं किती झाली?"

मी झ्लात्काकडे बघितलं. झ्लात्का छताकडे बघत होती.

"तुम्ही राजीनामा दिलात तर जागा मला मिळते," बिस्त्रा म्हणाली. "नाही दिलात तर निदान आकडे पाठ करा." आणि खरंच कागद पुढे ठेवला हो, दोन्ही बाजूंनी लिहिलेला! हाच कागद रेडिओवर वाचायला ती मागे लागली होती. मी वाचला. साधा होता. कुणालाही कळला असता. ग्रोझ्दानलासुद्धा, कोबी दाबता दाबता. चाळीस वर्षं हाच विषय शिकवलाय मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडणूक कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी राजीनाम्याचा अर्ज दिला. "कारण लिहा, आजोबा." मी लिहिलं, 'मतदारांची चूक.' बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"असं कसं लिहिता? मतदान गुप्त असतं. कुणी चुकून फुली मारली, हे तुम्हाला काय माहीत?"

म्हटलं, "सगळ्यांचं नाही सांगता येणार."

"मग?"

काय सांगू तुम्हाला… त्या दिवशी मतदानाच्या पडद्याआड पेन हातात घेतलं, डावीकडे फुली मारली, उजवीकडे वळलो, बाहेर रांग, कानात तो मेला अकॉर्डियन…

"लिहून घ्या, बाई," म्हटलं, "निदान एकाचं तरी मला पक्कं माहीत आहे."