अर्जासोबत जिताडा

जिताड्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. आमच्या हमीदभाईंचा या माशावर भारी जीव. दुबईची नोकरी सोडून आल्यापासून दर रविवारी धरमतरच्या खाडीवर गळ टाकून बसतात, सोबतीला मी. यंदा जिताडे गळाला कमी लागायला लागले, तेव्हा त्यांनी स्वतःच अर्ज लिहिला: गाबोळीच्या, म्हणजे मादीच्या पोटात अंडी असण्याच्या दिवसांत जिताडा पकडायला सगळ्यांना बंदी करा, आमच्यासारख्या हौशी गळवाल्यांनाही. तो घेऊन आम्ही दोघं मत्स्य खात्याच्या साहेबांकडे गेलो.

साहेब अर्ज वाचून खूश झाले. "स्वतःवरच बंदी मागणारे तुम्ही पहिले!"

तेवढ्यात हमीदभाईंनी लाजत लाजत एक पिशवी टेबलावर ठेवली. आमच्या पेणात साहेबाकडे काम असलं की जिताडा न्यायचा, ही जुनी रीत. पण आज, या कामाला? साहेबांनी पिशवी उघडली. चांगला हातभर जिताडा, पोट टम्म फुगलेलं.

"अहो, ही तर गाबोळीवाली मादी!"

मी खाली फरशीकडे बघत बसलो. हमीदभाई मात्र शांतपणे म्हणाले, "व्हय साहेब. म्हणून तर बंदी मागतोय. आमच्यानं आपणहून राहवत नाय."