मागच्या दारचे गिऱ्हाईक

सन्माननीय अध्यक्ष गणपतराव, प्रमुख पाहुण्या सौ. प्रेमलताबाई, वनश्री प्रसाधन मंडळाचे चिटणीस केशवराव, आजच्या सत्कारमूर्ती रुखमाबाई, आणि थंडीत एवढ्या सकाळी धंतोलीपर्यंत आलेल्या भगिनींनो व बंधूंनो,

नवे गिऱ्हाईक नेमके कुठे मिळते? दीड वर्ष मी या मंडळाची तेले, साबण आणि तोंडाला लावायचा स्नो घेऊन घरोघर फिरले, आणि या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. बी.ए.च्या परीक्षेत तो आला असता तर मी कोरा कागद देऊन उठले असते.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. त्यामुळे मी पिशवी खांद्याला लावली तेव्हा वडिलांनी विचारले, "शामले, बी.ए. शिकली अन् साबण विकून राहिली, काहून वं?" मी त्यांना स्वदेशी, स्त्रियांचे स्वावलंबन असे पुष्कळ ऐकवले. ते शांतपणे म्हणाले, "हे समदं साबणात आहे काय?"

साबणात ते नव्हते, निदान पहिल्या सहा महिन्यांत तरी. पुढच्या दाराची कडी वाजवली की पुरुष माणूस बाहेर येई आणि देणगी मागायला आले असे समजून "पुढच्या महिन्यात या" म्हणे. मी छापील पत्रके वाटली. त्यांत लोकांनी फुटाणे बांधले.

मग गेल्या वर्षीच्या संक्रांतीला मला वाटले, बायका एकत्र जमतात तिथेच का जाऊ नये? प्रेमलताबाईंनी मोठ्या मनाने त्यांच्या हळदीकुंकवाला मला बोलावले. मी अठ्ठावीस लहान बाटल्या नमुना म्हणून परातीत मांडल्या. पाहाव्यात, वास घ्यावा, परत ठेवाव्यात आणि मागणी नोंदवावी, असा माझा बेत. पण त्या वर्षी प्रेमलताबाई वाण म्हणून फण्या लुटत होत्या. फणीशेजारी तेलाची बाटली. कोणत्या सवाष्णीला शंका येणार? प्रत्येकीने फणी उचलली, बाटली उचलली, पदराखाली घेतली आणि नमस्कार केला. वाण परत मागायचे कसे? मी हात जोडून उभी राहिले. जाताना प्रेमलताबाई कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तुझ्यामुळे आमचं हळदीकुंकू यंदा गाजलं." त्यांनी ते मनापासून म्हटले होते, हे मी आजही मानते.

आठवड्याभरात मला अकरा घरांची बोलावणी आली. प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच: "येताना ते तेल आण हं." मागणी एकीचीही नव्हती.

आता माझी चूक सांगते. चिटणीसांनी अहवालात लिहिले की कुमारी शामला यांनी हळदीकुंकवाच्या द्वारे अकरा नवी घरे जोडली. मी वाचले. ही घरे गिऱ्हाईक नाहीत, वाणाची वाट पाहणारी आहेत, हे तिथल्या तिथे सांगायला हवे होते. पण छापील कागदावर माझे नाव मी निकालानंतर प्रथमच पाहत होते. महिनाभर गप्प राहिले. सांगितले तेव्हा केशवराव म्हणाले, "जाहिरात तर झाली ना? फळ मागाहून येतं."

त्या वर्षभरात खरी नवी गिऱ्हाइके कोणी आणली? रुखमाबाईंनी. अकरा वर्षे मंडळाची पिशवी वाहणाऱ्या, पण हळदीकुंकवाला ज्यांना कोणी बोलावत नाही त्या रुखमाबाईंनी. एकदा माझे पडलेले तोंड पाहून त्या म्हणाल्या, "पोरी, तू दिवाणखान्यात गिऱ्हाईक पाहून राहिली वं. गिऱ्हाईक मांगच्या दारी भांडे घासून राहिलं." आणि मला इतवारीतल्या एका घराच्या मागच्या दारी घेऊन गेल्या.

तिथे गोपिका नावाची एक नवी सून होती. हातातले पातेले खाली न ठेवताच ती कुजबुजली, "मावशी, डोक्यात लय कोंडा झाला. सासूबाईले नका सांगू."

"नाही सांगत. तुह्या सासूनंही मले तिचं तुले सांगू नको म्हटलं हाये. वाक इकडं."

रुखमाबाईंनी तिचे केस उजेडात धरून पाहिले आणि तेल विकलेच नाही. म्हणाल्या, "आठ दिवस नुसत्या शिकेकाईनं धू. तेलाचं मंग पाहू." मी मनात चरफडले. हातचे गिऱ्हाईक सोडायचे? पंधरा दिवसांनी गोपिकेने तेल घेतले, शेजारणीला घेववले आणि मौद्याला राहणाऱ्या बहिणीसाठीही मागवले. मला विचारायचे आहे, भरल्या हळदीकुंकवात, सासू आणि सोळा शेजारणींसमोर, कोणती सून कोंड्याचे नाव काढील? स्नो मागील? तिला विश्वासाचे माणूस एकटे भेटावे लागते.

आणि तरीही मंडळाने ठराव केला. या संक्रांतीपासून नवी विक्री हळदीकुंकवातूनच, म्हणून प्रतिनिधी सवाष्ण किंवा कुमारिकाच हवी. ठरावाला आधार माझ्या त्या अकरा घरांचा. रुखमाबाई दोन्हींत बसत नाहीत, म्हणून आज शाल, नारळ आणि आपण सारे. रुखमाबाईंना निवृत्त व्हायचे आहे का, असे त्यांना कोणी विचारले? मी विचारले. त्या म्हणाल्या, "मी थकलो म्हून कोन सांगितलं? अन् घरी बसून काय भिंतीले तेल लावू?"

ठराव मागे घ्यावा म्हणून मी सभासदांना घरी जाऊन भेटले, तीन पत्रे लिहिली. गणपतरावांनी शांतपणे ऐकले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण निमंत्रणपत्रिका छापून झाल्या आहेत, असे उत्तर मिळाले. अध्यक्षमहाराज, पत्रिका छापल्या म्हणजे माणूस म्हातारे होते का?

रुखमाबाईंची इतवारीतली घरे माझ्याकडे दिल्याचे आत्ताच जाहीर झाले. टाळ्यांबद्दल आभार. पण ज्या बाईने मला दार दाखवले तिलाच त्या दारातून काढून मी आत कशी जाऊ?

रुखमाबाई शाल घेतील. घ्यावीच, त्यांनी ती अकरा वर्षे चालून मिळवली आहे. मंडळाने मला पहिली नोकरी दिली, अध्यक्षांनी बोलू दिले आणि आपण ऐकून घेतले, याबद्दल सर्वांची ऋणी आहे. वयाने लहान असून तोंड मोठे केले असेल, तर मुलीचे बोलणे म्हणून पोटात घालावे.

आणि एक. माझा राजीनामा मी परवा दुपारी चिटणीसांच्या हाती दिला; तो अध्यक्षांपर्यंत अजून पोहोचलेला दिसत नाही. मंडळाच्या सगळ्या बाटल्या मोजून परत केल्या. काल रुखमाबाई आणि मी, आमच्या घरी कुटलेली शिकेकाई आणि उटणे घेऊन, इतवारीतली सात घरे करून आलो.