केसच ते, येतील परत!

…आणि हे मला सांगतंय कोण, तर माझी नणंद! जिची वेणी कमरेच्या खाली जाते, जी खुर्चीत बसायच्या आधी वेणी पुढे ओढून घेते, नाहीतर स्वतःच्याच वेणीवर बसेल, ती बाई माझा हात हातात घेऊन, मान एवढीशी वाकडी करून म्हणते, "वहिनी, केसच ते, येतील परत!" केसच ते! अगं, मग दे ना तुझे! तुझे येतीलच की परत!

बोलले नाही मी. पण आलं होतं तोंडात.

नाही, तुम्हीच सांगा, एखाद्याचा दात पडला तर कुणी म्हणतं का, दातच तो? मी आजारी, मला सुया, मला उलट्या, आणि वर समजूत कुणाची काढायची तर मीच त्यांची! "हो हो, येतील ना, त्यात काय एवढं…" असं मीच हसून म्हणायचं, म्हणजे समोरच्याला बरं वाटतं आणि तो चहा पिऊन निवांत घरी जातो!

तर तुम्हाला सांगते, मी गाडी शिकवते. बावीस वर्षं झाली. शिकणाऱ्याच्या शेजारी जी बाई बसलेली असते, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, एक हात स्टिअरिंगच्या आसपास आणि तोंडाने "क्लच… क्लच… अहो क्लच!", ती मी. भीती म्हणून माहीत नाही मला. समोरून ट्रक येत असताना डोळे मिटून घेणारे लोक मी शिकवलेत! आणि मला निघाली छातीत गाठ. ऑपरेशन झालं, मग डॉक्टर म्हणाले, आता सहा केमो, तीन तीन आठवड्यांनी. यावर माणसाने पहिला प्रश्न काय विचारावा? मी विचारलं, "केस जातील का?" जगेन का, हे नाही विचारलं! डॉक्टर म्हणाले, "जातील. पण केसच ते, येतील परत." आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या डोक्याला टक्कल, चकचकीत! तुमचे कधी येणार, हे अगदी ओठावर आलं होतं माझ्या… पण सुई त्यांच्या ताब्यात, म्हणून गप्प बसले.

पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी सुरुवात. कंगवा फिरवला, तर कंगव्याबरोबर सगळंच आलं. दुखत नाही, आवाज नाही, काही नाही. नुसता हात लावला की हातात! उशीवर केस, टॉवेलवर केस, डाळीत केस. आणि माझा नवरा प्लंबर. तीस वर्षं लोकांच्या मोऱ्या उपसतोय. जाळीतून केसांचा गोळा निघाला की याची बडबड सुरू, "काय लोक आहेत, केस धुतात का शेती करतात!" त्या दिवशी मी अंघोळ करून आले आणि बाथरूममध्ये पाणी तुंबलं. हा आत गेला. मी बाहेर कान देऊन उभी, आता बोलेल, मग बोलेल… एक शब्द नाही हो! दहा मिनिटांनी बाहेर आला, हात धुतले, म्हणाला, "झालं साफ," आणि सरळ बाल्कनीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हा आजार मला एकटीला झालेला नाहीये.

मीच म्हटलं, चल, काढून टाकू सगळे एकदाचे. स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, खाली जुनी चादर, आणि यानं आपलं दाढीचं मशीन आणलं. आणि मशीन धरून नुसता माझ्याभोवती फिरतोय. मी म्हणते, "अरे, लाव की!" हा म्हणतो, "पाईप असता तर एव्हाना झालं असतं गं… डोकं कधी केलं नाही मी." पाऊण तास लागला. शेवटी दोन पावलं मागे गेला, बघितलं, आणि काय म्हणावं या माणसाने? "डोकं छान गोल आहे गं तुझं. इतकी वर्षं दिसलंच नव्हतं." आता यावर रडायचं की हसायचं? मी दोन्ही केलं.

पण कामाचं काय? डॉक्टर म्हणाले, पहिला आठवडा घरी बसायचं, दुसऱ्यात गर्दी टाळायची, तिसऱ्यात बरं वाटलं तर जा. म्हणजे तीन आठवड्यांत एक आठवडा मी नोकरदार. पण विद्यार्थ्यांना सांगायचं कसं? गाडी शिकवणाऱ्या बाईवर एकाच गोष्टीसाठी विश्वास असतो, की ही असताना काही होणार नाही. तिलाच काही झालंय म्हटल्यावर कोण बसेल शेजारी? म्हणून विग आणला. विगवाला म्हणाला, "मॅडम, एकदम नैसर्गिक! तुमच्या घरच्यांनाही कळणार नाही." घरी आले, दार उघडून नवरा म्हणाला, "बोला, कोण हवंय?" म्हणजे विगवाला खोटं बोलला नव्हता! नणंद म्हणाली, "अय्या, दहा वर्षांनी लहान दिसतेस! आणि तोवर येतीलच परत!" आणि तो विग इतका चावायचा म्हणून सांगू… लोकरीची टोपी घालून चुलीपुढे बसल्यासारखं!

मग भुवया गेल्या. त्याबद्दल कुणी बोलतच नाही आधी! भुवया पेन्सिलने काढायला लागले. एके दिवशी हात जरा वर गेला, दोन्ही भुवया कपाळाच्या मध्यावर. आरशात वाटलं, ठीक आहे. गाडीत बसले, तर शिकणारा मुलगा दर मिनिटाला ब्रेक मारतोय! "मॅडम, चुकलं का काही?" नाही रे, चल. परत ब्रेक! "मॅडम, समोर काही आहे का?" शेवटी बिचाऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही एवढ्या घाबरलात, तर मी कसा चालवू?"

आता सांगते त्या बाईंबद्दल. चौसष्ट वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात गणितबाई म्हणायचे. यजमान गेले, त्यांची गाडी दारात खोळ घालून उभी. मुलगा म्हणाला विकून टाक, तर या म्हणाल्या, "विकणार नाही, चालवणार." छान! पण सात महिने झाले, मधे माझं ऑपरेशन झालं, ते मी "पोटाचं" म्हणून सांगितलं, तरी यांची गाडी आमच्या गल्लीच्या पुढे जाईना! का? पुढे मोठं सर्कल. पाच रस्ते येऊन मिळतात. त्या सर्कलच्या अलीकडे बाई घामाघूम. "मॅडम, पाच रस्ते म्हणजे वीस शक्यता! विसांचा हिशोब एका वेळी कसा करू?" आणि वळवायची गाडी. सात महिने आम्ही दोघी एकाच शाळेला, एकाच दवाखान्याला आणि एकाच पाण्याच्या टाकीला चकरा मारतोय. टाकीवरचा पहारेकरी हात करायला लागला होता!

चौथी केमो झाली होती माझी, तिसरा आठवडा, ऊन असं, की विग नुसता उकळतोय. म्हणून मी काय केलं, मागची पट्टी जराशी सैल केली. जराशीच! निघालो. आणि नेमका त्या दिवशी रस्ता खणलेला. वळायची गल्ली बंद, मागे गाड्यांची रांग, पुढे… सर्कल! गणितबाई म्हणतात, "मी नाही जाणार." मी म्हणते, "बाई, मागून बस चिकटलीय, जायलाच लागेल!" गेलो. कसे गेलो ते विचारू नका. बाई मोठमोठ्याने आकडे म्हणतायत, मी "क्लच, क्लच" करतेय, अर्धं सर्कल झालं, आणि समोरचा टेम्पो एकदम थांबला!

मी दाबला माझा ब्रेक. पूर्ण. पट्ट्याने मला धरून ठेवलं… विगला कोण धरणार? तो गेला! समोरच्या काचेवर आपटला आणि काचेखाली जाऊन बसला, फुगून, पाय पोटाशी घेऊन.

गणितबाई किंचाळल्या, "मांजर! मॅडम, आत मांजर आलं!"

आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुम्हाला सांगते, बावीस वर्षांत गाडीत मी हबकले नव्हते कधी. त्या दिवशी हबकले. गाडी बंद पडलेली, भर सर्कलमध्ये, चारी बाजूंनी हॉर्न, बसचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघतोय, शेजारच्या स्कूटरवरच्या दोन पोरी बघतायत… आणि मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली वाकलेली. विग उचलायचंही सुचेना. एवढंच मनात, की संपलं. आता मी ती नाही. ऐन सर्कलमध्ये जिच्या भरवशावर माणूस निर्धास्त बसतो, ती बाई आता मी राहिले नाही. आणि रडायला लागले हो! लहान मुलासारखी, हुंदके देऊन!

तेवढ्यात शेजारून आवाज आला. सात महिन्यांत मी न ऐकलेला. वर्गातला आवाज!

"हात खाली. सरळ बस."

मी बसले! अहो, बसलेच! तुम्हीही बसला असता.

बाईंनी गाडी न्यूट्रलला घेतली, किल्ली फिरवली, क्लच, पहिला गिअर. हॉर्न वाजवणाऱ्या बसवाल्याकडे अशी नजर टाकली, की त्याचा हॉर्न मध्येच बंद! आरशात बघितलं, सिग्नल दिला, सर्कल फिरल्या, बाहेर पडल्या, आणि एका झाडाखाली, कडेला एक वीत अंतर ठेवून, गाडी उभी केली. हँडब्रेकसकट! सात महिने मी ज्याच्यासाठी घसा कोरडा केला, ते सगळं दीड मिनिटात!

मग माझ्याकडे वळल्या. "कितवी?"

"चौथी," मी म्हटलं.

"एकूण?"

"सहा."

"म्हणजे दोन तृतीयांश झालं." आता मी वाटच बघत होते त्या वाक्याची. येणार, आता येणार, केसच ते… पण बाई माझ्या डोक्याकडे नीट बघून म्हणाल्या, "वाईट झालं. फार छान होते तुझे केस. पहिल्या दिवशीच बघितले होते मी."

एवढंच! इतक्या दिवसांत मला कुणी म्हणालंच नव्हतं की वाईट झालं! सगळे येतील-येतील करत होते, गेले त्याबद्दल बोलायलाच तयार नाहीत! मी परत रडले, पण ते रडणं वेगळं होतं, त्यात आत काहीतरी मोकळं होत गेलं. मी विचारलं, "बाई, विग आहे हे कळलं नव्हतं तुम्हाला?" तर म्हणतात, "मला वाटलं होतं तू केस कापून घेतलेस आणि ते फसलेत. माणसाला वाईट वाटू नये म्हणून बोलले नाही."

त्या दिवशीपासून विग कपाटात. स्कार्फ बांधला, आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं, माझी केमो चालू आहे, डोकं थकलंय पण पाय ब्रेकवर आहे, बसायचं तर बसा. एकही गेला नाही! उलट कोणी उलट बोलेनासं झालं. पूर्वी "क्लच" म्हणून तीनदा ओरडायला लागायचं, आता एकदाच! आणि गणितबाईंनी मला विचारलंही नाही, सांगितलं. "पाचवीला आणि सहावीला हॉस्पिटलमध्ये मी सोडणार. तो माझा धडा समज." मी शेजारी बसणार, म्हणजे नियमात बसत होतं. दोन्ही वेळा वाटेत ते सर्कल. येताना मला नवरा त्याच्या पाईपांच्या गाडीतून न्यायचा, आणि बाईंना गाडीसकट आमच्या क्लासमधलं दुसरं कुणी परत आणायचं. सहाव्या वेळी बाईंनी हॉस्पिटलच्या फाटकाशी गाडी लावली आणि म्हणाल्या, "सहा भागिले सहा." मी म्हटलं, "एक." त्या म्हणाल्या, "पूर्ण!" आणि पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. सापडतच नव्हता बराच वेळ.

लायसन्सच्या परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या. कारण काय, तर परीक्षकाची चूक काढली. दोन्ही वेळा! तिसऱ्यांदा पास. बाहेर येऊन मला कागद दाखवला, तेव्हा चौसष्ट वर्षांची बाई उड्या मारत होती!

आणि केस? आले हो. आधी डोक्यावर बाळासारखी लव, मग एक बोट, मग दोन बोटं. पण कसे आले? आयुष्यभर सरळ होते माझे, पट्टीने ओढल्यासारखे. आता आलेत ते कुरळे! करडे! धुतल्यावर वाळत नाहीत, विंचरल्यावर बसत नाहीत! नवरा म्हणतो, छान दिसतंय, भांडी घासायच्या जाळीसारखं. हे त्याच्याकडून कौतुक आहे बरं का! नणंद आली, हात फिरवला, डोळे भरून आले तिचे. म्हणाली, "बघ वहिनी! म्हटलं नव्हतं? केसच ते, आले परत!" आणि तुम्हाला सांगते, मला राग आला नाही. म्हणजे आला, थोडासा. पण तेवढ्यात मीही रडत होते.

आज तपासणी होती. म्हणून तर इथे हॉस्पिटलच्या बाकावर तुमच्यासमोर बसलेय, रिपोर्ट हातात घेऊन. सगळं चांगलं आहे! गाठ नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, उत्तम, तीन महिन्यांनी या. फक्त एक गोष्ट त्यांना कळेना. रक्तदाब मोजला, कपाळाला आठी. परत मोजला. "हा एवढा का वाढलाय? कसली काळजी करताय?" मी म्हटलं, "डॉक्टर, तो आजाराचा नाही. आज बाईंनी मला त्यांच्या स्वतःच्या गाडीतून आणलंय, आणि त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेकच नाही!"

आणि अजून घरी जायचंय… ऐकताय ना तो हॉर्न? त्याच आहेत. फाटकात उभ्या आहेत, मला हाका मारतायत, आणि गिअर टाकलेला दिसतोय रिव्हर्सचा!