फळीवरच्या माणसाचं नाव

"हॅलो?… कोण, ज्योस्लिन? बोल गं… हो, हो, जेवले. नीरफणस उकडला होता."

हर्मांसनं स्टूल ओढून घेतलं. पलीकडे तिची भाची होती. त्यांच्या कॅरिबियन बेटावरच्या, ग्वादलूपच्या, जुन्या गुलामांवर टीव्हीची मालिका ती लिहीत होती, आणि काल तिच्या चित्रीकरणात मावशीनं मयताचं गाणं म्हटलं होतं.

भाची म्हणत होती, तुकडा सुरेख आलाय. मावशीनं नाव पुकारलं आणि झील धरणारे एकदम गप्प झाले. ती शांतता संगीतकाराला इतकी आवडली की तिथे तो एकही सूर घालणार नाही.

"शांतता कसली? भ्यालेत ते… अगं ऐक ना. मी मेलेल्याचं नाव पुकारायचं, त्यांनी 'गेला' म्हणायचं, असंच असतं ते गाणं. तू कागदावर काय लिहिलंस? 'म्हातारा गुलाम'. मी अक्षर लावून लावून वाचलं, नाव कुठंच नाही… मग समोर फळीवर मेल्याचं सोंग घेऊन आपल्या गावचा फिलोजेन पडला होता, त्याचंच तोंडातून निघालं. जिवंत माणूस. त्याला 'गेला' कोण म्हणेल?"

चूक आपलीच, हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती गावातल्या मयतांच्या रात्री गाणी म्हणून जागवत आली होती. असं कधी झालं नव्हतं. फिलोजेन फळीवरून उठला तो नकली दाढीसकट तडक घरी गेला.

"आज आलाय का तो?… ताप? बघ… त्याची बायको सकाळी बाजारात भेटली. माझ्याशी बोलली नाही, चांगला मासा मात्र माझ्यासमोरून उचलून नेला."

आवाजातून नाव पुसून टाकू, भाची म्हणाली. नुसते ओठ हलताना दिसतील.

"ओठ हलले म्हणजे घेतलंच की नाव… नाही. तो तुकडा दाखवलास तर मी पुन्हा गाणार नाही, आणि झील धरणारे ते लोक तर तिथे पायही ठेवणार नाहीत… नाटक आहे, कळतं मला. तू पड त्या फळीवर, मी तुझं नाव घेते. चालेल?"

मग तुकडा नव्यानं घेऊ, भाची म्हणाली.

"हं, तेच म्हणतेय. त्या म्हाताऱ्याला नाव दे, पुन्हा गाऊ… कुठलंही कसं चालेल? मेलेल्याचं हवं. आणि ज्याची रात्र कुणी जागवली नाही, अशाचं."

 हर्मांसच्या आजीनं एक नाव सांगून ठेवलं होतं. आजीच्या आजीचा बाप. उसात राबताना पडून मेला, त्याला तिथेच पुरलं, आणि मळ्याच्या मालकानं लगेच सगळ्यांच्या हाती पुन्हा कोयते दिले.

"सेव्हेरिन लिही… हो, आपलाच… खरंच मयताची रात्र होईल म्हणतेस? मग होऊ दे की. दीडशेहून जास्त वर्षं राहून गेलीय."

भाची काहीतरी पुटपुटली.

"रडू नकोस, लिही. फिलोजेनला मी आणते. आणि काल बाटलीत रंगवलेलं पाणी होतं ना? उद्या खरी रम ठेवा, कॉफी ठेवा. माणसं आपल्या घरी येणार आहेत… नाही, आता ठेवते. मला दारोदार जाऊन सांगायचंय, कोण गेलं ते."

तिनं फोन ठेवला आणि चपला शोधू लागली.