दोरीवरचे कपडे

फोटो स्टुडिओच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. भिंतीवर फोटोग्राफरने उन्हाळी पावसात टिपलेलं गाव टांगलं होतं.

“आई, हे आपलंच अंगण!”

“मेला गावभर भिजत फिरत होता, तो याच्यासाठी होय?”

“पण दोरीवरचे कपडे कोण काढतंय?”

“तूच. पाऊस आला की काढून, घड्या घालून ओट्यावर ठेवतेस ना?”

“मी तेव्हा कामावर असते! मला वाटायचं, तुम्हीच ठेवता.”

“दुपारी मी घोरत पडलेली असते.”

“चष्मा लावा. शेजारच्या काकू आहेत.”

“ती? अगं, आमचं बोलणं बंद आहे!”

“मग आता?”

“आता काय! दोरी तिच्या कुंपणाकडे सरकव. गुडघे दुखतात बिचारीचे.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

“बोलणं बंद आहे, बघणं नाही.”