आओयागींचा परिचय

(जपानमधलं सेंदाई, फेब्रुवारीतली सकाळ. प्राध्यापक वाकुईंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांनी सांगितलेला मजकूर बायको शिझुए लिहून घेतेय आणि वाचून दाखवतेय.)

शिझुए: '...दोन वर्षं अमेरिकेत संशोधन, सत्तावीस विद्यार्थ्यांना डॉक्टरेट, इतर संशोधन विपुल. छंद, मासेमारी.' संपलं?

वाकुई: संपलं. किती मिनिटं झाली?

शिझुए: दीड. अहो, तुमच्याबरोबर उभा जन्म त्या विभागात काढलेला माणूस आज निवृत्तीचं शेवटचं व्याख्यान देणार, आणि त्याची ओळख दीड मिनिटात? मासेमारी आली, मग ती संगणकाने वाटा शोधायची रीत कुठे गेली?

वाकुई: 'इतर संशोधन' म्हटलंय ना. त्यात आली.

शिझुए: संगणक शिकणारं प्रत्येक पोर ज्याला 'आओयागी रीत' म्हणतं, ते इतर?

वाकुई: तेच तर दुखणं आहे. शोधनिबंध दोघांचा. पण आमच्यात नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावतात. तो ए, मी डब्ल्यू. लोकांनी पहिलं उचललं, दुसरं टाकलं. एका अक्षरावर माणूस मोठा झाला.

शिझुए: हे मी अडतीस वर्षं ऐकतेय.

वाकुई: मग आणखी एकदा ऐक. कल्पना माझी होती. एक रस्ता बंद पडला तर अख्खा नकाशा पुन्हा मोजायचा नाही, तुटलं तेवढंच सांधायचं. तू स्वेटर विणत होतीस. टाका सुटला, तर सगळं न उसवता तू तेवढाच उचललास. ते बघून सुचलं मला.

शिझुए: नाही.

वाकुई: नाही काय?

शिझुए: विणत होते, हे खरं. पण तुम्ही दारातून आलात तेच, 'आओयागीला आज काहीतरी सुचलंय,' म्हणत. मला कळेना, म्हणून माझ्या सुटलेल्या टाक्यावर बोट ठेवून समजावलंत. मग जेवलाही नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणालात, 'त्यालाच का सुचलं?'

वाकुई: तुला नक्की आठवतं?

शिझुए: तुमच्या वाटचा मासा मी सकाळी गारढोण खाल्ला. आठवणार नाही?

वाकुई: आणि त्या रीतीची सिद्धता? ती मधेच कोसळत होती. चूक मी शोधली. चार महिने डोकं फोडून उभी केली.

शिझुए: त्याला कोण नाही म्हणतंय?

वाकुई: मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?

शिझुए: घरातल्या घरात बोलत होतात. म्हटलं, तेवढंच तुमचं मन हलकं होतंय, होऊ दे. पण आज दोनशे माणसांपुढे बोलणार आहात. आणि ओळख करून द्यायला आओयागी-सान कुणालाही सांगू शकले असते. त्यांनी तुम्हालाच मागितलं.

वाकुई: मोठेपणा मिरवायला. नाव त्याचं, पुरस्कार त्याचे, आता तोंड तेवढं माझं हवंय.

शिझुए: अजून जळता हो तुम्ही.

वाकुई: जळतो. चौसष्टाव्या वर्षी लाज वाटते सांगायला, पण जळतो.

शिझुए: मग खुशाल जळा. मासेमारी काढू?

वाकुई: काढ. तिथे लिही, 'वाटा शोधण्याच्या रीतीची मूळ कल्पना प्राध्यापक आओयागींची.'

शिझुए: लिहिलं. आणि सिद्धतेतली चूक कुणी शोधली, ते?

वाकुई: ते नको लिहू. तो आपणहून सांगतो का, ते मला ऐकायचंय.